तळटीप : नेटवर्क बूट आणि सर्व्हरचे पोर्ट
* नेटवर्क बूट अडले की केबल बदलण्याआधी सर्व्हरचे पोर्ट पाहावेत. पीएक्सई पद्धतीत संगणक यूडीपी ६७ वर डीएचसीपीकडे पत्ता मागतो आणि ६९ वर टीएफटीपीकडे बूट फाइल. पडद्यावर ‘पीएक्सई-ई५१’ दिसले तर डीएचसीपीचे उत्तर पोहोचलेले नाही. ‘ई३२’ दिसले तर टीएफटीपीचे. विंडोजवर ‘नेटस्टॅट’, लिनक्सवर ‘एसएस’ ही आज्ञा चालवली की पोर्ट कोणत्या प्रोग्रामने धरला आहे ते कळते. डीएचसीपी आणि विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेस एकाच सर्व्हरवर असतील, तर दोन्ही सेवा ६७ वरच हक्क सांगतात. अशा वेळी दुसरीला तो सोडायला लावून डीएचसीपीत पर्याय ६० भरावा. फायरवॉलमध्ये नुसता ६९ उघडून भागत नाही, कारण टीएफटीपी प्रत्यक्ष फाइल वेगळ्या पोर्टवरून पाठवतो. – संपादक