प्रोजेक्टसाठी माहिती सापडत नाहीये? आधी जुनं नाव शोधा!

मी वर्ध्याचा. शाळेत असताना सेवाग्राम आश्रमाच्या पहिल्या वर्षांवर प्रोजेक्ट करायचा होता. लायब्ररीत पुस्तकं मोजकीच, म्हणून मोबाइल काढला. १९३६ ते १९३९ मधल्या गांधीजींच्या पत्रांत ‘सेवाग्राम’ शोधत बसलो, पण हाती काहीच लागेना. ‘या काळातली पत्रं उपलब्ध नाहीत’ असं मी वहीत लिहूनही टाकलं होतं!

चूक माझीच होती. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला इथे आले तेव्हा गावाचं नाव होतं सेगाव. शेगावशी गोंधळ होऊन टपाल भलतीकडे जायचं, म्हणून १९४० मध्ये नाव सेवाग्राम झालं. ‘सेगाव, वर्धा’ शोधलं आणि पत्रांचा ढीगच समोर आला.

म्हणून पहिला नियम: ज्या काळाची माहिती हवी, त्या काळातलं नाव टाका. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेली ‘नई तालीम’सुद्धा कुठे ‘वर्धा योजना’, तर कुठे ‘बेसिक एज्युकेशन’ म्हणून सापडते. इंग्रजी कागदपत्रांसाठी इंग्रजी स्पेलिंगही टाकून बघा.

कुठे शोधायचं?

१. गांधी हेरिटेज पोर्टल: गांधीजींच्या समग्र लेखनाचे इंग्रजीतले १०० खंड इथे मोफत वाचता येतात. मजकूर तारखांच्या क्रमाने लावलेला आहे. आधी वर्ष ठरवा, मग खंड उघडा.

२. नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया: आयआयटी खरगपूरने उभारलेली. ही मुख्यतः मोठी सूची आहे, पुस्तक बऱ्याचदा दुसऱ्याच साइटवर उघडतं. भाषेचा फिल्टर लावला की यादी आटोपशीर होते. काही गोष्टी सगळ्यांना खुल्या नसतात, तिथे अडकून बसू नका.

३. शोधगंगा: भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी. प्रबंध. मराठी प्रबंधही मिळतात. बहुतेक प्रबंधांत प्रकरणांच्या वेगवेगळ्या पीडीएफ असतात, त्यामुळे सगळं डाउनलोड करू नका. आधी अनुक्रमणिका आणि निष्कर्ष बघा, डेटा वाचेल. शेवटची संदर्भसूची तर खजिनाच. पुढे काय वाचायचं ते तिथेच कळतं.

४. मराठी विश्वकोश: विषय नवीन असेल तर सुरुवात इथून करा. नोंद वाचली की शोधायला नेमके शब्द मिळतात.

एक सवय लावून घ्या

नुसता स्क्रीनशॉट काढून ठेवू नका. लेखक, पुस्तक, वर्ष आणि पान क्रमांक लगेच लिहून ठेवा. ‘हे कुठून आणलं?’ असं सरांनी विचारलं की ‘गूगलवरून’ हे उत्तर चालत नाही.

आणि काहीच सापडलं नाही, तर ‘माहिती नाही’ असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा: तेव्हा याला काय म्हणत असतील? गावातल्या एखाद्या आजोबांना विचारलंत, तर कदाचित तो शब्द मोबाइलच्या आधी तेच सांगतील.