हॉप्सच्या लागरची कुळकथा

१८३८ साली बोहेमियातल्या पिल्झन शहरात ३६ पिंपं बिअर नगरभवनासमोर ओतून देण्यात आली. ती पिण्याजोगी राहिली नव्हती. बिअर गाळण्याचा परवाना असलेल्या नागरिकांनी मग एकत्र येऊन नवी ब्रुअरी उभारली आणि बव्हेरियाहून योझेफ ग्रोल या ब्रुअरला बोलावून घेतलं. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्यानं पहिला घाणा लावला. ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या सणादिवशी, लोकांच्या हाती सोनेरी, नितळ लागर आली. तोवर लागर म्हणजे गडद रंगाची बिअर हीच सवय होती.

ग्रोलनं बार्लीचा माल्ट हलक्या आचेवर वाळवून फिकट ठेवला. थंडीत सावकाश काम करणारं बव्हेरियन यीस्ट वापरलं. हॉप्स जवळच्याच झाटेट्स भागातले घेतले. पिल्झनचं पाणी अतिशय मृदू. त्यात हॉप्सचा कडवटपणा जिभेला बोचत नाही. म्हणून ग्रोलला हात आखडता घ्यावा लागला नाही. हॉप्सनं भरलेल्या लागरचं कुळ इथं सुरू झालं.

पुढं जगभर या बिअरच्या नकला झाल्या आणि मोठ्या कारखान्यांत हॉप्सचं प्रमाण घटत गेलं. कुळाला नवा अंकुर फुटला तो उत्तर इटलीतल्या लुरागो मारिनोने या गावात. १९९६ साली आगोस्तिनो आरिओली यांच्या 'बिर्रिफिचो इतालियानो' या ब्रुअरीनं 'तिपोपिल्स' आणली. इंग्लंडमधले एल गाळणारे पिंपातल्या तयार बिअरमध्ये हॉप्स टाकत. तीच रीत आरिओलींनी लागरला लावली. उकळताना हॉप्समधून कडवटपणा उतरतो, पण त्यांची सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. थंड बिअरमध्ये हॉप्स घातले की हाच सुगंध बिअरमध्ये मुरतो. कॅलिफोर्नियातल्या फायरस्टोन वॉकरची 'पीव्हो' ही पिल्सनर तिपोपिल्सवरूनच सुचली.

आज छोट्या ब्रुअरीज वर्धापनदिनासाठी हॉप्सची लागर गाळतात, ते मला फार योग्य वाटतं. एल लवकर तयार होते. लागर टाकी कित्येक आठवडे अडवून ठेवते. लहान ब्रुअरीला तेवढा काळ टाकी गुंतवणं महाग पडतं. शिवाय फिकट लागरमध्ये काहीच झाकत नाही. यीस्टची हेळसांड, टाकीची अस्वच्छता, चुकलेलं तापमान, सगळं पहिल्या घोटात कळतं. त्यात लागरला वेळ हवा आणि हॉप्सच्या सुगंधाला ताजेपणा. म्हणून लागर पुरती मुरल्यावर, अगदी शेवटी, हॉप्स घालायचे आणि सुगंध उतरायच्या आत ती ग्राहकापर्यंत पोचवायची. एवढं साधायला वर्षांची शिस्त लागते आणि वर्धापनदिनी मिरवावी अशी ब्रुअरीची कमाई तीच आहे. अशी बाटली हाती आली तर आठवण म्हणून जपून ठेवू नका. ताजी असतानाच प्या.