घरोघरी जाऊन येशूबद्दल सांगणं गुन्हा आहे का? कायदा नेमकं काय म्हणतो?

रेल्वे स्टेशनबाहेर एक जण छोटी पत्रकं वाटत उभा असतो. कोणीतरी मोबाईल काढतं, 'परवानगी आहे का?' असं विचारतं आणि संध्याकाळपर्यंत ती रील ग्रुपग्रुपवर फिरते. कमेंट्समध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो हा सरळ गुन्हा आहे, दुसरा म्हणतो हा संविधानाने दिलेला हक्क आहे.

दोघांचंही अर्धंच बरोबर आहे.

हे लोक कोण असतात?

सगळे ख्रिस्ती लोक असे दारोदार फिरत नाहीत. कॅथलिक चर्च किंवा 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया यांचं बहुतेक काम चर्च, शाळा आणि दवाखान्यांतून चालतं. रस्त्यावर दिसतात ते प्रामुख्याने पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांचे लोक. ते याला 'सुवार्ता सांगणं' म्हणतात. पत्रक देणं, नव्या करारातला एखादा भाग वाचून दाखवणं, आजारी माणसासाठी प्रार्थना करणं आणि घरातल्या प्रार्थनासभेला बोलावणं, असं त्याचं स्वरूप असतं.

दोघादोघांनी नीटनेटक्या कपड्यांत येऊन मासिक देणारे अनेकदा 'यहोवाचे साक्षीदार' असतात. येशू हा देवच आहे, हे ते मानत नाहीत. त्यामुळे मुख्य प्रवाहातली चर्चेस त्यांना आपलं समजत नाहीत. व्हायरल व्हिडिओत मात्र सगळ्यांना एकच लेबल लागतं.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत 1813 मध्ये सुरू झालं. पुढे अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तन रुजलं. कवी ना. वा. टिळकांनी (1861-1919) येशूची गोष्ट सांगायला भजन-कीर्तनाचाच आधार घेतला.

संविधानात काय आहे?

कलम 25 नुसार प्रत्येकाला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या त्याच्या मर्यादा.

'प्रसार' या शब्दावरून संविधान सभेत 6 डिसेंबर 1948 ला जोरदार वाद झाला होता. ओडिशाचे लोकनाथ मिश्रा यांचा या शब्दाला कडाडून विरोध होता. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी मात्र स्वतःचं उदाहरण दिलं: आपण सुमारे 14 वर्षं ख्रिस्ती संस्थांमध्ये शिकलो, पण धर्म बदलायला कोणी सांगितलं नाही. शब्द राहिला.

पुढे ओडिशाने 1967 मध्ये आणि मध्य प्रदेशने 1968 मध्ये धर्मांतरविरोधी कायदे केले. ते दोन्ही सुप्रीम कोर्टाने 1977 च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात वैध ठरवले. आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं हा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा मूलभूत हक्क नाही, असं कोर्टाने म्हटलं. महाराष्ट्राचे माजी महाधिवक्ता एच. एम. सीरवाई यांनी या निकालावर कडक टीका केली होती. तरी आजही वाद याच निकालापासून सुरू होतो.

मग अडतं कुठे?

एका शब्दावर: 'प्रलोभन'. जबरदस्ती आणि फसवणूक ओळखता येते, प्रलोभनाचं तसं नाही.

उत्तर प्रदेशच्या 2021 च्या कायद्यात भेटवस्तू, पैसा, नोकरी आणि धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेत मोफत शिक्षण यांच्यासोबत 'चांगली जीवनशैली' आणि 'दैवी अवकृपा' हेही प्रलोभनात मोडतं. आता 'येशूवर विश्वास ठेव, दारू सुटेल, घर सावरेल' हे वाक्य घ्या. सांगणाऱ्यासाठी ती साक्ष आहे. तक्रार करणाऱ्यासाठी ते आमिष आहे. आणि नाजूक अवस्थेतल्या आजारी माणसाला 'प्रार्थना कर, औषध बंद कर' असं सांगितलं जात असेल तर काळजी करण्यासारखंच आहे, हेही खरं.

सप्टेंबर 2023 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने एका जामीन प्रकरणात म्हटलं की बायबल वाटणं, मुलांना शिकायला सांगणं, भंडारा घालणं किंवा दारू पिऊ नका असं सांगणं म्हणजे प्रलोभन नव्हे. जुलै 2025 मध्ये कर्नाटक हायकोर्टाने जमखंडीच्या मंदिरात इस्लामची पत्रकं वाटणाऱ्यांवरचा एफआयआर रद्द केला. धर्मांतर केल्याचा किंवा तसा प्रयत्न केल्याचा आरोपच त्यात नव्हता.

तक्रार कोण करू शकतं, हाही कळीचा मुद्दा. उत्तर प्रदेशात आधी फक्त पीडित व्यक्ती किंवा जवळचे नातेवाईकच तक्रार देऊ शकत होते. फतेहपूरमधल्या एप्रिल 2022 च्या सामूहिक धर्मांतराच्या आरोपांवरून दाखल झालेले अनेक एफआयआर सुप्रीम कोर्टाने 17 ऑक्टोबर 2025 ला रद्द केले, त्यात हे एक महत्त्वाचं कारण होतं. पण 2024 च्या दुरुस्तीनंतर तिथे कोणीही तक्रार देऊ शकतं आणि गंभीर प्रकरणांत जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी 2025 मध्ये अशा कायद्याचा अभ्यास करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हापासून विषय राज्यातही तापला आहे.

दारावर कोणी आलं तर?

'नको' म्हणा, दार लावा. सांगण्याचा हक्क आहे म्हणून ऐकण्याची सक्ती नाही. नकार दिल्यावरही कोणी त्रास द्यायच्या हेतूने घरात थांबलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 329 (गृह-अतिक्रमण) लागू शकतं. मुद्दाम दुसऱ्या धर्माचा अपमान केला तर कलम 299 किंवा 302. लाऊडस्पीकरला परवानगी लागते. परदेशी पाहुणा टुरिस्ट व्हिसावर धर्मप्रचार करू शकत नाही, ओसीआय कार्डधारकालाही त्यासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते.

मात्र पत्रक वाटणाऱ्याला घेरणं, मारणं, त्याच्याकडून माफीचा व्हिडिओ करून घेणं, हे कुठल्याही कायद्यात बसत नाही.

आणि अख्ख्या गावानेच 'येऊ नका' म्हटलं तर?

छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यात काही गावांनी पास्टर आणि धर्मांतरित ख्रिस्ती लोकांना प्रवेशबंदीचे फलक लावले. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथल्या हायकोर्टाने म्हटलं की प्रलोभनाने किंवा फसवणुकीने होणारं धर्मांतर रोखण्यासाठी लावलेले असे फलक असंवैधानिक म्हणता येणार नाहीत. ज्यांना आक्षेप आहे त्यांनी पेसा नियमांनुसार आधी ग्रामसभेकडे दाद मागावी, असंही कोर्टाने सांगितलं. म्हणजे ज्या ग्रामसभेच्या नावाने फलक लागलाय, तिच्याचकडे.