लाकडी शिपायांचे राज्य

दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला बांधतात व त्यावर मावळे मांडतात. इंग्लंडातील हॉवर्थ गावच्या ब्राँटे भावंडांनी तर १२ लाकडी शिपायांवर अख्खे राज्य वसविले. १८२६ च्या जूनमध्ये त्यांच्या धर्मोपदेशक वडिलांनी ते शिपाई लीड्सहून आणले. शार्लट तेव्हा १० वर्षांची, ॲन ६ वर्षांची. शार्लटच्या शिपायाचे नाव वेलिंग्टन, तर ब्रॅनवेलच्या शिपायाचे बोनापार्ट! पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर 'ग्लास टाउन' हे नगर कल्पिले गेले. त्याचे नकाशे निघाले, लढाया झाल्या, शिपायांच्या मापाची चिमुकली मासिकेही हाताने लिहिली गेली.

या राज्याचा एक नियम विलक्षण होता. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन हे तेथील चार जिन. रणात पडलेल्या शिपायाला ते पुन्हा जिवंत करीत. आदल्याच वर्षी मरिया व एलिझाबेथ या त्यांच्या थोरल्या बहिणी क्षयाने गेल्या होत्या. घरात जे घडणे शक्य नव्हते, ते मुलांनी आपल्या राज्यात घडविले.

१८४७ साली शार्लटची 'जेन एअर' प्रसिद्ध झाली. तिच्यातील हेलन बर्न्स मरियाच्या आठवणीवरून घडलेली आहे. ती मरते, आणि तिला उठवायला कोणी जिन येत नाही.