चेव्हियटचा किनारा आणि न सापडलेला देह

१७ डिसेंबर १९६७ रोजी दुपारी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरल्ड होल्ट हे व्हिक्टोरिया राज्यातील पोर्टसी गावाजवळ चेव्हियट किनाऱ्यावर समुद्रात पोहावयास उतरले आणि काही क्षणांत दिसेनासे झाले. त्यांचा देह कधीच सापडला नाही. या घटनेविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यात होल्ट यांच्याविषयी जितके आढळते तितके समुद्राविषयी आढळत नाही. वास्तविक देह का मिळाला नाही, हा प्रश्न आधी जलप्रवाहांचा आहे, राजकारणाचा नंतरचा.

हा किनारा पोर्ट फिलिप उपसागराच्या मुखालगत, भूशिराच्या खुल्या समुद्राकडील बाजूस आहे. १८८७ साली येथील खडकांवर फुटलेल्या आगबोटीवरून त्यास हे नाव पडले. उपसागराच्या अरुंद मुखातून भरती-ओहोटीचे पाणी प्रचंड वेगाने आत-बाहेर करते. त्या मुखास तिकडे ‘द रिप’ म्हणतात. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेने पुन्हा खोल समुद्राकडे धावते, त्या प्रवाहासही इंग्रजीत ‘रिप’ हाच शब्द आहे. एका शब्दाने दोन भिन्न व्यापार दर्शविले जात असल्यामुळे लेखकांचा घोटाळा होतो. पहिल्याचे मूळ मुख्यतः चंद्राच्या आकर्षणात, दुसऱ्याचे लाटांत. होल्ट यांना आत ओढले ते दुसऱ्याने, असे दिसते. पुढे देह दूर जाण्यात पहिल्याचाही हात असणे असंभवनीय नाही.

त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. होल्ट यांच्यासमवेत उतरलेल्या गृहस्थास पायाखाली जबर ओढ जाणवली व तो उथळ पाण्यातच थांबला. होल्ट मात्र या जागेचे जुने परिचित होते. परिचयाने सावधपणा वाढतोच असे नाही.

लाटांच्या परतीचा प्रवाह माणसास तळाशी खेचत नाही, बाहेर नेतो. फुप्फुसांत पाणी शिरल्यावर देह सामान्यतः बुडतो. शांत जागी तो बुडाल्या ठिकाणाजवळच तळाशी राहतो आणि कुजण्याच्या क्रियेत वायू साठला म्हणजे वर येतो. पाणी थंड असेल तर ही क्रिया मंदावते. देह खडकांच्या कपारीत वा समुद्रवनस्पतींत अडकला, किंवा जलचरांनी खाल्ला, तर तो वर येतच नाही. चेव्हियट येथे खडक, दाट समुद्रवनस्पती व फुटत्या लाटा ही सर्वच कारणे एकत्र होती. पोलीस, नौदलाचे पाणबुडे आणि हेलिकॉप्टरे यांनी शोध केला. परंतु पुढील दिवसांतही समुद्र अनावर राहिल्याने पाणबुड्यांना जेथे जावयाचे तेथे धड जाता येईना.

समुद्राने देह न दिल्यामुळे एका मृत्यूच्या अनेक तिथी झाल्या. १९ डिसेंबरला मॅक्‌एवन यांचा पंतप्रधान म्हणून शपथविधी झाला. २२ डिसेंबरला मेलबर्नच्या सेंट पॉल कथीड्रलमध्ये स्मृतिप्रार्थना झाली; अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन तीस उपस्थित होते. शोध मात्र जानेवारीपर्यंत चालूच होता. म्हणजे ज्याची स्मृतिप्रार्थना होऊन गेली त्याचाच शोध सुरू होता. कायद्याची अडचण याहून मोठी होती. तत्कालीन व्हिक्टोरियात देहावाचून मरणान्वेषण होत नसे. पोलिसांचा अहवाल झाला, न्यायिक निर्णय झाला नाही.

या पोकळीत वदंता वाढल्या. आत्महत्येचा तर्क झाला. १९८३ साली एका इंग्रज पत्रकाराने पुस्तक लिहून होल्ट हे चिनी हेर होते व चिनी पाणबुडीने त्यांना नेले, असे प्रतिपादन केले. फुटत्या लाटांच्या त्या खडकाळ किनाऱ्याशी पाणबुडी आणणाऱ्या लेखकाने तेथील समुद्राचा विचार केलेला दिसत नाही. तथापि निव्वळ हसून ही कल्पना सोडून देता येत नाही. देह सापडता तर ती सुचण्यास जागाच राहिली नसती.

१९८५ साली व्हिक्टोरियात संशयित मृत्यूंचे अन्वेषण करण्याची तरतूद झाली आणि २००३ साली बुडाल्याचा संशय असलेली, परंतु देह न मिळालेली जुनी प्रकरणे पुन्हा हाती घेण्यात आली. होल्ट यांचे प्रकरण त्यांपैकीच एक होते. २ सप्टेंबर २००५ रोजी कॉरोनरने निर्णय दिला : अपघाताने बुडून मृत्यू.