आजोबांचा सिंधुदुर्ग

आमच्या दिवाणखान्यात एक समुद्र टांगलेला आहे. शिडाची मोठमोठी जहाजं, धुराचे लोट आणि धुरापलीकडे किल्ला. आजोबा सांगत, "हा आपला मालवणचा सिंधुदुर्ग. महाराजांचं आरमार इंग्रजांना झोडपतंय!" चित्राखालची इंग्रजी ओळ फ्रेमवाल्याने पुठ्ठ्याखाली दाबून टाकलेली, त्यामुळे आजोबांच्या विरुद्ध घरात पुरावा नव्हता. तीन पिढ्या दसऱ्याला या चित्राला झेंडूचा हार आणि पहिलं सोनं!

परवा मालवणला गेलो, तेव्हा चित्राचा फोटो बरोबर नेला. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर पाया घातलेला किल्ला समोर, फोटो हातात. पण दोघांचं काही केल्या जमेना. समोरचा तट बसका, नागमोडी, भर पाण्यात उभा. फोटोतल्या किल्ल्यामागे मात्र जमीन. शेवटी होडीवाल्या तात्यांना फोटो दाखवला. त्यांनी क्षणभर बघून निकाल दिला, "ह्यो आमचो किल्लो न्हय. आमच्या किल्ल्याक चारय बाजूंन पाणी. ह्यो जमनीक चिकाटलेलो. विजयदुर्गाक जावा!"

शहाण्या माणसाने आधी फ्रेम उघडली असती. मी घरी आल्यावर उघडली. पुठ्ठ्याखाली छापलं होतं, 'घेरिया, १७५६'. घेरिया म्हणजे विजयदुर्गच; शेजारच्या गिर्ये गावाच्या नावाचं इंग्रजांनी केलेलं वाटोळं. मूळ चित्र डॉमिनिक सेरेसचं, ते लंडनच्या ग्रीनिच इथल्या सागरी संग्रहालयात आहे. हा गृहस्थ जन्माने फ्रेंच, राहायला लंडनला. हिंदुस्थानात त्याने पाऊलही ठेवलं नव्हतं. म्हणजे न पाहिलेला किल्ला त्याने काढला आणि न वाचलेलं चित्र आम्ही पुजलं.

पण खरी बोच पुढेच आहे. १७५६ साली महाराजांना जाऊन ७६ वर्षं झाली होती. तोफा डागणारी जहाजं ॲडमिरल वॉटसनची. झोडपला जाणारा किल्ला तुळाजी आंग्ऱ्यांचा. एका जहाजाला आग लागली, ती पसरली आणि आंग्ऱ्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. आणि जमिनीवर इंग्रजांचे दोस्त म्हणून कोण? पेशवे! ज्यांची तसबीर आमच्याकडे समोरच्याच भिंतीवर आहे, ते नानासाहेब. दोन्ही चित्रं इतकी वर्षं एकमेकांकडे बघत होती. कुणी एका शब्दाने बोललं नाही.

सत्त्याऐंशी वर्षांच्या आत्याचा फोन आला. "काय रे, पाहिलास ना आपला किल्ला? चित्रातल्यासारखाच आहे ना?"

मी आवंढा गिळला. मग एकदम आठवलं. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून नवा जिल्हा निघाला, त्याचं नाव सिंधुदुर्ग, आणि विजयदुर्ग त्यातच येतो. आजोबांना सरकारने मरणोत्तर अर्धंअधिक बरोबर ठरवलंय.

"हो आत्या," मी म्हटलं, "सिंधुदुर्गच आहे."

हाराचा खिळा तेवढा हलवला. पूर्वी तो इंग्रजांच्या जहाजांच्या डोक्यावर होता, आता किल्ल्याच्या बाजूला ठोकलाय. फ्रेम जराशी कलते, पण चालायचंच.