ध्यान

गबाळ्या माणसाला पाहून ‘काय ध्यान आहे!’ म्हणतो तेव्हा केवढ्या मोठ्या शब्दाची आपण थट्टा करतो! मूळ धातू ‘ध्यै’, म्हणजे चिंतन करणे. ज्या मूर्तीचे चिंतन करायचे तिचे रूपही ‘ध्यान’ झाले आणि त्याच रूपावरून पुढे टिंगल आली.

पालीत या शब्दाचे ‘झान’ झाले. आपल्याकडचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक; तिथल्या बुरुड राजाच्या कोटातला बौद्ध स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये उकरून काढला. त्या शूर्पारकातल्या भिक्खूंच्या तोंडी हाच शब्द असणार. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमध्ये जाऊन ‘चान’ झाला आणि जपानमध्ये ‘झेन’.

चीनमध्ये या चान पंथाला तालेवार विरोधक भेटले. कन्फ्यूशियसच्या विचाराची नवी मांडणी करणारा चू शी (1130-1200) तरुणपणी चान पंथाकडे ओढला गेला होता. पुढे त्याने बौद्धांवर कडक टीका केली. संसार, नाती, राज्यकारभार सोडून मुक्ती कसली, हा त्याचा सवाल. तरीही शिष्यांना तो सांगे : ग्रंथ वाचा आणि स्वस्थ बसा. या स्वस्थ बसण्यावर चानची छाप उघड दिसते. याच नव्या कन्फ्यूशियन परंपरेतल्या वांग यांगमिंगने (1472-1529) पुढे बजावले, की कृतीत न उतरलेले ज्ञान हे ज्ञानच नव्हे.

या नव्या मांडणीचा, म्हणजे नवकन्फ्यूशियसवादाचा, अभ्यास करायचा तर चू शी आणि वांग यांगमिंग यांच्याआधी बौद्ध विचार वाचावा. त्याशिवाय त्यांचा वाद कोणाशी होता, हेच कळणार नाही.